पश्चिमेच्या खिडक्यांचं तोंड

मोठ्या शहरातल्या एका सल्लागार कंपनीने मला फसवलं, आणि माझं नाव पुढे करून गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याकडच्या एका वसतिगृहातल्या मुलींना फसवलं. यात गैरसमज वगैरे काही झालेला नाही. नंतर बऱ्याच जणांनी मला समजावलं की ताई, दोन्ही बाजू बघाव्यात. मी बघितल्या. एका बाजूला एसी चालू होता, दुसऱ्या बाजूला पश्चिमेचं ऊन.

आधी माझा धंदा सांगते, कारण माझ्या सख्ख्या भावाला अजून वाटतं की मी घराचे नकाशे काढते. हल्ली मोठी इमारत विटांनी बांधण्याआधी कॉम्प्युटरवर आकड्यांनी बांधतात. भिंत किती जाड, छत कशाचं, खिडकी कुठे, तिच्यावर पडदा कसला, सगळं त्यात भरायचं आणि त्या आकड्यांच्या इमारतीवर वर्षभराचं ऊनवारं सोडायचं. मग कोणती खोली किती वाजता किती तापेल ते प्रोग्राम सांगतो. याला ऊर्जेचं मॉडेल म्हणतात. शहरातल्या कंपन्या अशी मॉडेलं करतात, घाईत करतात, आणि ती अडकली की माझ्याकडे पाठवतात. मी ती दुरुस्त करते. त्यातही माझा हात बसलाय तो खिडक्या आणि पडद्यांवर, कारण लोक सगळ्यात जास्त घाण तिथेच करून ठेवतात.

हे मला कोणी शिकवलं नाही. माझे वडील चंद्रपूरजवळ ऊर्जानगरच्या वीज केंद्रात एका ठेकेदाराकडे गरम पाइपांवर कापसासारखी काचलोकर गुंडाळायचे. संध्याकाळी घरी आले की हात खाजवत बसायचे. उष्णता अडवायला किती मेहनत लागते ते मी त्यांच्या कोपरापर्यंत लाल झालेल्या हातांवर बघितलं आहे. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स केला, चार वर्षं एका झेरॉक्सच्या दुकानात लोकांच्या घरांचे नकाशे काढले, आणि फुकटातलं सॉफ्टवेअर घेऊन व्हिडिओ बघत बघत हे काम शिकले. आता त्याच झेरॉक्सच्या दुकानावरची खोली माझं ऑफिस आहे. शहरातल्या लोकांना फोनवर मी ऑफिस म्हणते. त्यांना खाली झेरॉक्सचं मशीन ऐकू येतं. ते समजतात माझा स्टाफ काम करतोय. मी त्यांचा गैरसमज दूर करत नाही.

तर हिवाळ्यात या कंपनीच्या टीम लीडरचा फोन आला. गोड आवाजाचा माणूस. एका संस्थेचं मुलींचं वसतिगृह बांधून होत आलंय, मॉडेल तयार आहे, फक्त वॉर्निंगा खूप येतात, त्या तेवढ्या काढून द्या. वॉर्निंग म्हणजे मॉडेल चालवल्यावर प्रोग्राम शेवटी एक यादी देतो: इथे मला शंका आहे, तिथे हे जुळत नाही. प्रोग्राम बिचारा माणसांपेक्षा प्रामाणिक असतो. त्याला शंका आली की तो लिहून देतो.

भाव करताना मी मुद्दाम आमच्या बोलीत बोलते. समोरच्याला वाटतं बाई खेड्यातली आहे, आणि तो सैल सुटतो.

"भाऊ, वॉर्निंगा काढून देईन, पण माह्यं नाव रिपोर्टवर पाह्यजे," मी म्हटलं.

"नावाचं काय करणार ताई तुम्ही?" तो हसला.

"तुम्ही तुमच्या नावाचं काय करता?"

"आमचं तसं नसतं ताई. कंपनीचं नाव जातं."

"मंग कंपनीलेच सांगा ना वॉर्निंगा काढाले."

पंधरा मिनिटांनी त्याचा परत फोन आला. म्हणाला, रेट आहे त्याच्या निम्मा करा, मग तुमचं नाव पहिल्या पानावर टाकतो, 'मॉडेल तपासणी' असं लिहून. मी कबूल केलं. पाच वर्षं मी लोकांची मॉडेलं दुरुस्त करत होते आणि एकाही कागदावर माझं नाव नव्हतं. पुढचं काम नावावर मिळतं. एवढा पक्का सौदा मी आयुष्यात केला नव्हता. इतकी हुशार मी.

फाइल उघडली. दोन मजली इमारत, मधून लांब व्हरांडा, एका अंगाला पूर्वेच्या खोल्या आणि दुसऱ्या अंगाला पश्चिमेच्या. पश्चिमेला चौदा खिडक्या. मूळ नकाशा करणाऱ्याने त्यांच्यावर बाहेरून टांगायचे पडदे दाखवले होते: बांबूच्या रुंद पट्ट्या दोरीत ओवलेल्या, दोरी ओढली की पट्ट्या कलतात, ऊन अडतं आणि वारा येतो. आमच्याकडे बांबू आहे आणि ऊनही आहे, तेव्हा त्या माणसाने नकाशा काढण्याआधी निदान एकदा जिल्हा बघितला असावा. प्रश्न एवढाच होता की या पडद्यांनी किती फरक पडतो. फरक पडत असेल तर संस्था ते लावणार, नाहीतर यादीतून वगळणार. कंपनीचं उत्तर तयार होतं. फरक पडत नाही.

मी त्यांचे आकडे बघितले आणि चहा बाजूला ठेवला. त्यांच्या मॉडेलप्रमाणे मे महिन्यात दुपारी चार वाजता त्या इमारतीतल्या सगळ्यात थंड खोल्या पश्चिमेच्या होत्या.

चंद्रपूर-गडचिरोलीतल्या कुठल्याही माणसाला झोपेतून उठवून विचारा, उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेच्या खोलीत बसशील का. तो तुम्हाला वेड्यात काढेल. पण त्या कंपनीत पाच जणांनी हा तक्ता बघितला होता, त्याला रंग दिले होते, खाली कंपनीचं चिन्ह लावलं होतं, आणि एकालाही विचारावंसं वाटलं नाही की बाबा, सूर्य त्या दिवशी कुठे गेला होता.

वॉर्निंगांची यादी मी वाचायला घेतली. चौदा वॉर्निंगा सारख्याच होत्या: या खिडकीचं तोंड ती ज्या भिंतीत आहे त्या भिंतीच्या नेमकं उलट दिशेला आहे. आणखी काही पडद्यांच्या होत्या. पट्टी पाच सेंटिमीटर रुंद आणि काचेपासून पडद्याचं अंतर एक सेंटिमीटर, म्हणजे पट्टी कलवली की तिचा काठ काचेतून आत घुसणार. प्रोग्रामने ते नम्रपणे कळवलं होतं. कंपनीने ते नम्रपणे दुर्लक्षित केलं होतं.

अशा वेळी मी अख्खी इमारत बघत बसत नाही. सगळं उडवते आणि एक खोली ठेवते. एक खोली, एक खिडकी, एक पडदा. पडदा काढून मॉडेल चालवलं, तापमान लिहून घेतलं. पडदा पूर्ण मिटून चालवलं. आकडा तसूभर हलला नाही. पडदा बंद करूनही ज्या खोलीत फरक पडत नाही, त्या खोलीत पडदा नसतोच. किंवा तो तुम्हाला वाटतो तिथे नसतो. मग मी चित्र फिरवून बघितलं. भिंतींच्या बाहेरच्या अंगाला प्रोग्राम एक रंग देतो आणि आतल्या अंगाला दुसरा. पश्चिमेची सगळी भिंत बाहेरच्या रंगाची, आणि तिच्यातल्या चौदाच्या चौदा खिडक्या आतल्या रंगाच्या. पाठमोऱ्या बसल्या होत्या. भिंत पश्चिमेकडे बघतेय आणि खिडकी खोलीकडे. दुपारचं ऊन येत होतं ते तिच्या पाठीवर, आणि पाठीवर पडलेलं ऊन प्रोग्राम मोजत नाही. बाहेरचा म्हणून टांगलेला पडदा खिडकीच्या त्या 'बाहेर', म्हणजे खोलीच्या आत गेला होता, आणि तिथे बसून तो कोणत्याही उन्हाला अडवत नव्हता.

असं का होतं ते मला माहीत होतं. खिडकीचे चार कोपरे प्रोग्रामला एका क्रमाने द्यावे लागतात. बाहेर उभं राहून बघितलं तर घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरत द्यायचे. सुलट दिलेत तर खिडकी गर्रकन तोंड फिरवते. क्षेत्रफळ तेवढंच राहतं, उंची तेवढीच, रुंदी तेवढीच, त्यामुळे कागदावर काही कळत नाही. पण पूर्वेच्या खिडक्या बरोबर होत्या. एकाच माणसाने भरलेल्या मॉडेलमध्ये अर्ध्या खिडक्या बरोबर आणि अर्ध्या पाठमोऱ्या कशा, हे मला कळेना. आणि मला एखादी गोष्ट कळली नाही की माझं डोकं फिरतं.

फाइलसोबत आलेल्या मापाच्या कागदांवर एका मिस्त्रीची सही होती, सिंदेवाहीचा. मी बस धरली आणि गेले. साठीच्या पुढचा माणूस, भातसंशोधन केंद्राच्या रस्त्याला घर, अंगणात खाटेवर बसून वाटाणे सोलत होता. मी कागद पुढे केले.

"हे तुमचंच ना भाऊ?"

"माह्यंच. काऊन, चुकलं का?"

"माप नाई चुकलं. कोपरे कसे लिहिता तुम्ही? कुठून सुरू करता?"

त्याने वाटाण्यांची सुपली बाजूला ठेवली, उठला, आणि स्वतःच्या घराच्या खिडकीसमोर उभा राहिला. डाव्या हाताचा खालचा कोपरा, मग वर, मग उजवीकडे, मग खाली. हवेत बोट फिरवून दाखवलं.

"देवळाले फिरतो तसं. उजव्या अंगानं. म्या माह्या जिंदगीत खिडकीले उलटा नाई फिरलो."

"आतून उभं राहून का बाहेरून?"

"आतूनच घेतो आम्ही. पण तिथी पश्चिमेच्या खोल्याईत ठेकेदारानं सिमेंट भरून ठेवलं होतं, कुलूप लावून. चाबी त्याच्या सासऱ्याजोळ. मंग म्या बाहेरून परांच्यावर चढून घेतले. लिहिलं आहे ना वरतं."

लिहिलं होतं. माझंही लक्ष गेलं नव्हतं. पूर्वेच्या कागदावर कोपऱ्यात 'आतून', पश्चिमेच्या कागदावर 'बाहेरून'. पेन्सिलने, सुबक अक्षरात. आतून उभं राहून तो उजव्या अंगाने फिरला, तर बाहेरून बघणाऱ्याला ते उलट दिसतं, म्हणजे प्रोग्रामला हवं तसं. बाहेरून उभं राहूनही तो उजव्याच अंगाने फिरला, आणि खिडक्या पाठमोऱ्या झाल्या. माणसाने आपली रीत मोडली नाही, वर जागा कोणती तेही लिहून दिलं. त्या एका शब्दाकडे बघायला कंपनीतल्या एकालाही सवड मिळाली नव्हती. वातानुकूलित खोलीत बसून आकडे टायपायचे, एवढंच काम होतं त्यांना.

"कामाचं काई बिघडलं नाई ना बाई?" मिस्त्रीने विचारलं.

"तुमच्याकडून नाई बिघडलं."

"मंग वाटाणे घेऊन जा."

मी घेऊन आले. या सगळ्या प्रकरणात मला न मागता मिळालेली ती एकच वस्तू.

घरी येऊन चौदा खिडक्यांचे कोपरे फिरवले, पडदे काचेपासून पुरेसे लांब नेले, पट्ट्यांचा कल तपासला. तो कलही उलटा होता, पट्ट्या आभाळाकडे तोंड करून ऊन झेलत होत्या, तो सुधारला. अख्खी इमारत चालवली. एकही वॉर्निंग नाही. आणि आकडे बदलले: पडदे नसताना पश्चिमेच्या खोल्या इमारतीतल्या सगळ्यात तापणाऱ्या, पडदे लावल्यावर पूर्वेच्या बरोबरीला येणाऱ्या. म्हणजे आमच्या गावच्या म्हशीलासुद्धा जे माहीत आहे ते आता कॉम्प्युटरला मान्य झालं.

मी फाइल पाठवली, वॉर्निंगांची कोरी यादी पाठवली, नवे आकडे पाठवले आणि दोन पानी टिपण लिहिलं: चूक कुठे होती, का झाली, निष्कर्ष बदलला आहे, पडदे लावणं आवश्यक आहे. टीम लीडरचं उत्तर आलं, "ग्रेट वर्क ताई." आठ दिवसांनी रिपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो आला. त्यावर माझं नाव होतं, 'मॉडेल तपासणी' या शब्दांखाली. मी तो छापून फ्रेम केला आणि खुर्चीच्या मागे लावला, व्हिडिओ कॉलमध्ये दिसेल असा. बाकीची पानं मागावीत असं मला वाटलं नाही. भाजी घेताना मी प्रत्येक वांगं उलटून बघते.

मे महिन्यात मला कुरखेड्याला जायचं होतं, आत्येबहिणीच्या घरी. म्हटलं वाटेतच आहे, आपल्या खिडक्या एकदा डोळ्यांनी बघू. मी दुरुस्त केलेली इमारत मी तोवर एकही बघितली नव्हती. बसमधून उतरले तेव्हा चार वाजत आले होते. लांबूनच पश्चिमेची भिंत दिसली. चौदा खिडक्या, आणि एकीवरही पडदा नाही. काचांच्या आतून ओल्या चादरी लावलेल्या. काही चादरी फुलाफुलांच्या, एकीवर कार्टूनचा हत्ती.

वॉर्डनबाई व्हरांड्यात पूर्वेकडे बसल्या होत्या. मोठ्या हाडापेराच्या, कपाळावर रुमाल बांधलेला. आजूबाजूला मुली पुस्तकं घेऊन फरशीवरच बसलेल्या. नर्सिंगच्या मुली, परीक्षा तोंडावर आलेली.

"कोण पाह्यजे?"

मी सांगितलं की मी या इमारतीचं मॉडेल तपासलं होतं.

त्या उठल्या. मग आत जाऊन एक रिपोर्ट घेऊन आल्या. पहिल्या पानावर बोट ठेवलं.

"ह्या तुम्हीच का?"

"हाव."

"या ना मंग. बसा. नाई नाई, इथी नका बसू, इथी पोरी बसल्या आहेत. तुमच्यासाठी चांगली जागा देतो."

त्यांनी मला वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या शेवटच्या खोलीत नेलं, खुर्ची खिडकीला लावली आणि चहा पाठवते म्हणाल्या. लोखंडी कॉटच्या दांड्याला हात लागला आणि मी तो झटकला. चादर ओली होती, पण तिच्यातून येणारी वाफ अंगावर येत होती. पंखा तीच वाफ ढवळत होता. चहा आला, उकळता. वॉर्डनबाई दारात उभ्या राहिल्या.

"थंड आहे ना खोली?" त्या म्हणाल्या. "रिपोर्टात लिहिलं आहे, ह्या खोल्या थंड राह्यतेत म्हणून. म्या पोरींले वाचून दाखवतो रोज. पोरी ऐकत नाईत, घामेजून राह्यल्या."

"बाई, मी असं लिहिलं नाई."

"नाव तुमचंच आहे ना?"

"नाव माह्यंच आहे."

"मंग आम्ही कोणाले विचाराव?"

मी तिथेच बसून रिपोर्ट वाचला. निष्कर्ष तोच जुना: पडद्यांमुळे फरक पडत नाही, ते वगळावेत. आकडे तेच जुने, पाठमोऱ्या खिडक्यांचे. आणि शेवटी परिशिष्टात, मॉडेल निर्दोष असल्याचा पुरावा म्हणून, वॉर्निंगांची कोरी यादी जोडलेली. ती माझी होती. माझ्या मॉडेलची. म्हणजे आकडे त्यांच्या चुकलेल्या मॉडेलचे, प्रमाणपत्र माझ्या दुरुस्त मॉडेलचं, आणि दोन्हीच्या वर माझं नाव. हे चुकून होत नाही. यासाठी कोणाला तरी दोन फाइली शेजारी शेजारी उघडून, एकीतून एक पान उचलून दुसरीत ठेवावं लागतं.

चहा तसाच ठेवून मी टीम लीडरला फोन लावला.

"ताई, रिपोर्ट आधीच गेला होता," तो म्हणाला. "निष्कर्ष बदलला असता तर क्लायंटला प्रश्न पडले असते. तुम्हाला काम फक्त वॉर्निंगांचं दिलं होतं."

"आणि माह्यं नाव?"

"नाव तुम्हीच मागितलं होतं ना ताई."

पुढचं मी त्याला जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. वॉर्डनबाईंनी मात्र ते पूर्ण ऐकलं, आणि त्यानंतर मला पूर्वेच्या व्हरांड्यात जागा दिली. माठातलं पाणीही दिलं.

मला वाटलं काम सोपं आहे. दुसऱ्या दिवशी संस्थेच्या सचिवांकडे गेले, लॅपटॉप उघडला, पाठमोऱ्या खिडक्या दाखवल्या, मिस्त्रीचे कागद दाखवले. सचिव शांत माणूस, डोळे मिटून ऐकणारे. त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, पडदे रिपोर्टच्या आधारावर वगळले. परत घ्यायचे तर रिपोर्ट चुकीचा होता असं लेखी पाहिजे. कंपनीकडून आणा."

कंपनी देईना. मी पाच मेल टाकले. शेवटी टीम लीडरचं एकच उत्तर आलं: आमच्या नोंदीप्रमाणे तपासणी तुमची आहे, चूक झाली असेल तर तपासणाऱ्याने तसं लिहून द्यावं, आमची हरकत नाही. हरकत नाही म्हणे. किती मोठं मन.

सचिवांना ते मान्य होतं. त्यांना फाइलमध्ये एक कागद हवा होता, सही कोणाची याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. म्हणजे मी लिहून द्यायचं की माझी चूक झाली. दिलं नाही तर पडदे नाहीत, आणि मुलींनी ओल्या चादरींमागे परीक्षा द्यायची. दिलं तर ज्या नावासाठी मी निम्म्या रेटवर काम केलं, त्या नावावर माझ्याच हाताने शाई फासायची.

मी दोन दिवस चिडून काढले. आत्येबहीण म्हणाली, तुझं काय जातं, दे लिहून. भाऊ फोनवर म्हणाला, देऊ नको, पुढे कोर्टकचेरी झाली तर. दोघांनाही मी झापलं. मग तिसऱ्या दिवशी सचिवांच्या टेबलासमोर जाऊन बसले.

"पत्र लिहून आणलं आहे," मी म्हटलं. "पण देत नाही."

त्यांनी डोळे उघडले.

"आधी पडद्यांच्या ऑर्डरवर सही करा. माझ्यासमोर. चौदा खिडक्या, बाहेरून, पट्टी एवढी रुंद, काचेपासून एवढं अंतर. मीच लिहून आणलंय, तुम्हाला फक्त सही करायची आहे."

"मॅडम, अशी पद्धत नसते. आधी पत्र, मग कमिटी, मग—"

"मंग पावसाळा. पावसाळ्यात पोरी थंड राह्यतेत, तुमचं काम वाचते."

त्यांनी घाम पुसला. त्यांची खोलीही पश्चिमेलाच होती, हे मी आत शिरतानाच बघून घेतलं होतं आणि मुद्दाम चारची वेळ धरली होती. ते ऑर्डरचा कागद दोनदा वाचत बसले. मग म्हणाले, "या खोलीलाही एक पडदा जोडा," आणि पेनाने स्वतःच्या खिडकीकडे दाखवलं. मी चौदाचे पंधरा केले. त्यांनी सही केली. मग मी माझं पत्र टेबलावर ठेवलं: 'पश्चिमेकडील खिडक्यांच्या तपासणीत माझ्याकडून चूक झाली. पडदे लावणे आवश्यक आहे.' दोन वाक्यं. पहिलं खोटं, दुसरं खरं. दुसऱ्यासाठी पहिलं लिहिलं.

जवळच्याच एका गावातल्या बायांच्या गटाने पडदे विणले. बारा दिवसांत लागले. वॉर्डनबाईंनी फोन करून सांगितलं की पोरी खोल्यांत झोपायला लागल्या, आणि म्हणाल्या, "तुमचं नाव अजून आहे त्या रिपोर्टवर. खोडू का?" मी म्हटलं राहू द्या.

ते पत्र मात्र फाइलमध्ये राहिलं नाही. कंपनीने त्याची प्रत मागवून घेतली. त्यानंतर दोन शहरांतून मला येणारी कामं थांबली. एकाने प्रामाणिकपणे सांगितलं, "ताई, तुम्ही लेखी कबूल केलंय ना चूक, आम्हाला ते पत्र दाखवलं." ज्या लोकांना माझं दोन पानी टिपण वाचायला सवड नव्हती, त्यांना माझं दोन ओळींचं पत्र गावभर फिरवायला सवड मिळाली.

मी ते पत्र मागे घेत नाही. पडदे लागले, ते उतरवावेत असं मला कुणी म्हणू नये. पण माझ्याकडे माझ्या मॉडेलच्या फाइलवरची तारीख आणि वेळ आहे, माझ्या मेलची पोच आहे, "ग्रेट वर्क ताई" आहे, आणि मिस्त्रीच्या हातचे दोन्ही कागद आहेत. मुलींनी जो उन्हाळा त्या खोल्यांत काढला तो चुकून आलेला नव्हता. खरे आकडे हातात असताना कोणीतरी खोटे आकडे पाठवले, आणि ते खरे दिसावेत म्हणून माझ्या मॉडेलची कोरी यादी त्यांना चिकटवली.

कंपनीच्या मोठ्या साहेबांना मी हे विचारते आहे, टीम लीडरला नाही. त्याने सांगितलेलं माझं ऐकून झालं आहे. ते पान एका फाइलमधून उचलून दुसरीत कोणी ठेवलं? तुमच्या सांगण्यावरून ठेवलं की तुम्हाला न सांगता? त्या माणसाचं नाव लिहून संस्थेला द्या, तुमच्या लेटरहेडवर, तुमच्या सहीने. मी माझी सही केली आहे. आता तुमची पाळी आहे.